वाचकांचे प्रश्न : जुना सेफ्टी रेझर हाती आल्यावर

मागच्या अंकात जुन्या सेफ्टी रेझरांच्या धातूविषयी आणि मुलाम्याविषयी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. माझी नोकरी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या कारखान्यात, निकेलच्या टाक्यांपाशी झाली आणि दाढी मी रोज माझ्यापेक्षा वयाने मोठ्या रेझरने करतो. उत्तरं या दोन्ही अनुभवांवरून दिली आहेत.

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत दाढीचा रेझर सापडला. दांडीच्या तळाचा नॉब फिरवला की वरची दोन झाकणं उघडत असावीत, पण नॉब हलतच नाही. खाचांमध्ये पिवळट कीट बसलंय आणि एका कोपऱ्यात हिरवं काहीतरी दिसतंय. माझ्या मुलाला तो वापरायचा आहे. कशाने घासू?

उत्तर : घासायची घाई नको, आधी भिजवा. ते पिवळट कीट गंज नसतो. साबणातली मेदाम्लं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की पाण्यात न विरघळणारा एक चिवट साबण तयार होतो. तोच वर्षानुवर्षं खाचांत साचून टणक होतो. एका वाटीत हाताला सोसवेल इतकंच गरम पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका आणि रेझर रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी मऊ टूथब्रश फिरवा. पाणी गढूळ होईल. ते ओतून नवं घ्या आणि पाणी नितळ राहीपर्यंत हेच करत राहा. फार तर आठवडा जाईल, जाऊ द्या. कीट पुढच्या महिन्यातही काढता येतं. खरवडून गेलेला मुलामा घरी परत चढवता येत नाही.

नॉबला पक्कड लावू नका. दांडी म्हणजे पितळेची पातळ नळी आहे. तिच्या आत एक सळई असते. नॉब फिरला की ती वर-खाली होते आणि झाकणांच्या बिजागऱ्या तिच्यावरच उघडतात, मिटतात. कीट सैल व्हायच्या आत पकडीने जोर केला तर सळई पिळवटते किंवा आटे जातात, आणि वर नॉबच्या नक्षीवर पकडीचे दात उमटतात ते कायमचे. भिजवून झाल्यावर रेझर पूर्ण सुकवा. डोकं खाली धरून नॉबच्या सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब सोडा, मग सरळ धरून बिजागऱ्यांत एकेक थेंब सोडा. एक दिवस तसाच राहू द्या. नंतर नुसत्या बोटांनी थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला असं करत फिरवा. बहुतेक अडकलेले नॉब एवढ्यावर सुटतात. सुटला नाही तर पुन्हा भिजवा.

हिरवं आहे तो पितळेचा कळंक. तिथला मुलामा गेलाय आणि खालचं तांबं बोलायला लागलंय, एवढाच त्याचा अर्थ. भिजल्यावर तो लाकडी टूथपिकने हळूच निघतो. लोखंडी सुई किंवा तारेचा काथ्या जवळही आणू नका. खाली पितळ उघडं दिसेल, दिसू द्या. दाढीनंतर रेझर कोरडा ठेवलात तर त्या जागेचं पुढे काही बिघडत नाही. आणि वडिलांच्या बोटांनी जिथे निकेल झिजवलंय, ती जागा तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी लिंबू-मीठ, कुणी टूथपेस्ट, कुणी पितळेचं पॉलिश. माझा रेझर सोनेरी आहे.

उत्तर : सोनेरी असेल तर यातलं काहीही नको. कारण थराच्या जाडीत आहे. अशा वस्तूंवर निकेल काही मायक्रॉनच असतं आणि सोनं तर बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती सोन्यावरून थोडा वेळ फिरली तरी खालचं पांढुरकं निकेल दिसायला लागतं. शिवाय बऱ्याच सोनेरी रेझरांवर कारखान्यातच पारदर्शक लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा हात दिलेला असे. उकळत्या पाण्यात त्याचे पापुद्रे सुटतात, मग सोनंच उडतंय असं वाटून लोक आणखी घासतात. कोमट पाणी, लिक्विड, मऊ ब्रश आणि सुती फडकं, याच्या पुढे जाऊ नका.

निकेलच्या रेझरवर पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटं चालेल. मग लगेच धुवायचं. जिथे मुलामा फाटलेला असतो तिथून आम्ल पितळेत शिरतं, आधी त्यातलं जस्त खातं आणि मागे गुलाबी तांबूस डाग उरतो. तो डाग म्हणजे धातूच गेलेला असतो, पुसून निघत नाही. डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असेल तर बुडबुडे येतात. एक जरी बुडबुडा दिसला तरी तत्काळ बाहेर काढा. लिंबाबरोबर मीठ तर नकोच, कारण मिठातलं क्लोराइड मुलाम्याखाली बारीक खड्डे पाडतं.

पॉलिशबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. पितळेच्या अनेक पॉलिशांत अमोनिया असतो. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया लागला की त्याला चिरा जातात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात, ती आपोआप तडकू लागली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून बनवताना धातूत राहिलेला ताण या तिघांचं ते काम होतं. त्याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. रेझरची दांडीही ओढलेल्या पितळेच्या नळीची असते. सुरुवातीच्या दशकांतल्या पातळ दांड्यांवर उभी चीर बऱ्याचदा आढळते. तेव्हा जुना रेझर घेताना दांडी प्रकाशात गोल फिरवून बघा. चीर असेल तर आवळताना हात अगदी हलका ठेवा.

प्रश्न : दुसऱ्याने वापरलेला रेझर आपण वापरणं सुरक्षित आहे का?

उत्तर : आहे. ब्लेड तुमचं नवं असतं, रेझर फक्त ते धरून ठेवतो. आधी कीट पूर्ण काढा, कारण कीटाखाली जंतुनाशक पोचत नाही. मग ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवा. त्याहून तीव्र अल्कोहोल जास्त चांगलं असं नाही. पाण्याचा अंश असला की ते सावकाश उडतं आणि त्याला काम करायला वेळ मिळतो. दांडी प्लास्टिकची किंवा रंगवलेली असेल तर बुडवू नका, अल्कोहोलचा बोळा फिरवा. ब्लीच नको, ते निकेल खातं. ब्लीचमध्ये व्हिनेगर तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. चालू वापरातला रेझर मात्र घरातल्या घरातही एकमेकांना देऊ नये. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो.

प्रश्न : माझ्याकडच्या रेझरच्या दांडीवर एक ते नऊ आकड्यांची कडी आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला इंग्रजी 'ई' अक्षर आणि तीनचा आकडा आहे. हा किती जुना असेल आणि त्या आकड्यांचं काय करायचं?

उत्तर : जिलेट हे नाव त्यावर असेलच. असेल तर तुमचा रेझर १९५९ च्या तिसऱ्या तिमाहीतला. अमेरिकेतल्या कारखान्यात १९५१ पासून ही खूण कोरत. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. 'ए' म्हणजे १९५५, तिथून क्रमाने मोजलं की 'ई'ला १९५९ येतं. दांडी आखूड आणि जाड असेल तर त्याला लोक 'फॅटबॉय' म्हणतात. तो १९५८ ते १९६१ या काळात निघाला. त्यानंतर सडपातळ दांडीचा 'स्लिम' आला, त्यावरही नऊपर्यंतच आकडे असतात.

कडी फिरवली की ब्लेडखालची पट्टी वर-खाली सरकते आणि ब्लेड व पट्टी यांच्यातली फट कमी-जास्त होते. एकवर फट सगळ्यात लहान, नऊवर सगळ्यात मोठी. नव्या माणसाने तीनवर सुरुवात करावी आणि आठवडाभर तिथेच राहावं. रोज आकडा बदलला तर बिघडलं ते आकड्याने, साबणाने की हाताने, हे कळत नाही. मोठा आकडा म्हणजे जास्त गुळगुळीत दाढी असं समजू नका. चार दिवसांची वाढ असेल तर मोठी फट उपयोगी पडते, केस आणि फेस तुंबत नाहीत. रोजच्या दाढीला तिची गरज नसते. कडी फिरवण्याआधी तळाचा नॉब पाव फेरा सैल करा, आकडा लावा आणि मग आवळा. घट्ट आवळलेल्या स्थितीत कडी फिरवली की आतल्या भागांवर उगाच ताण येतो.

या निमित्ताने आणखी एक सांगतो, कारण तीन पत्रांत हेच लिहिलेलं होतं की सेफ्टी रेझर जिलेट यांनी शोधला. तसं नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या जाँ-जाक पेरे या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला होता. अमेरिकेत काम्फे बंधूंचं १८८० चं पेटंट आहे. त्यांच्या रेझरचं पातं जाड होतं आणि त्याला वस्तऱ्यासारखी पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. किंग कॅम्प जिलेट यांचं खरं काम म्हणजे पत्र्यातून कापलेलं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं आणि बोथट झालं की टाकून द्यायचं ब्लेड. इतक्या पातळ पोलादाला पाणी कसं द्यायचं आणि धार कशी लावायची हे कुणाला जमत नव्हतं. त्याची यंत्रं विल्यम निकरसन या अभियंत्याने बसवली. १९०३ मध्ये ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली गेली. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला. पुढे १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले आणि लाखो तरुणांच्या हाताला ही सवय लागली. निकरसन यांचं नाव रेझरवर कुठेच नसतं, म्हणून इथे आवर्जून घेतलं.

प्रश्न : नवं ब्लेड घातलं तरी एका बाजूने दाढी छान होते आणि दुसऱ्या बाजूने ओरखडे उठतात. रेझर तीन तुकड्यांचा, दातेरी पट्टीचा आहे. टाकून द्यावा का?

उत्तर : टाकू नका, दिव्यासमोर धरा. ब्लेड घालून दांडी आवळा, डोकं डोळ्यांच्या रेषेत आणा आणि झाकणाच्या कडेबाहेर ब्लेडची किती किनार डोकावते ते बघा. ती डावीकडून उजवीकडे एकाच रुंदीची हवी आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढीच हवी. एकीकडे जेमतेम रेघ आणि दुसरीकडे ठसठशीत पट्टी दिसली तर दुखणं सापडलं. दांडी अर्धा फेरा सैल करा. ब्लेडची दोन्ही आखूड टोकं, जिथे धार नसते, अंगठा आणि तर्जनीत धरा, ब्लेड किंचित सरकवा आणि तसंच धरून पुन्हा आवळा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं तर ब्लेड काढा, आडव्या पातळीत अर्धा फेरा फिरवा, म्हणजे डावी धार उजवीकडे येईल, आणि परत बसवा. रुंद किनार रेझरच्या त्याच बाजूला राहिली तर दोष रेझरचा. ब्लेडबरोबर बाजू बदलली तर दोष ब्लेडचा, आणि मग तुमच्या रेझरला उगाच बोल लागला.

दोष रेझरचा निघाला तर पहिल्यांदा झाकणाचं पोट बघा. ब्लेड अवघं ०.१ मिलिमीटर जाड असतं. झाकण आणि खालची पट्टी मिळून त्याला बाक देतात आणि त्या बाकामुळेच इतक्या पातळ पत्र्याला ताठपणा येतो. पोटात किंवा ब्लेडच्या भोकांत जाणाऱ्या मधल्या खुंट्यांच्या बुडाशी कीटाचा कण राहिला असेल तर ब्लेड तिथे नीट टेकत नाही, केसाला भिडलं की थरथरतं आणि कातडीवर ओरखडा उठतो. मला वरून लख्ख केलेले रेझर बघायला मिळतात ज्यांच्या खुंट्यांभोवती अजून पिवळी कडी असते. बाहेरची चमक दाढीच्या काही कामाची नाही, ब्लेड जिथे टेकतं ती ही बैठकच कामाची. टूथपिक घ्या आणि खुंट्यांच्या भोवती फिरवा.

मग दाते. त्यांची टोकं एका सरळ पट्टीला लावून बघा. रेझर पडलेला असेल तर कडेचा दाता वाकतो. तो लाकडी पट्टीने हळूच ढकलून सरळ करता येतो, पण एकाच प्रयत्नात. पितळ वाकवताना कडक होत जातं. पुढे-मागे केलं की दाता हातात येतो.

प्रश्न : नमस्कार काका. मी विशीतला आहे. आजोबांचा रेझर वापरायला लागलो. गाल उत्तम होतात, पण गळ्यावर लाल पुरळ येतं आणि हनुवटीखाली कापतं. आई म्हणते, सोडून दे हे खूळ. काय चुकतंय?

उत्तर : आईला सांग, महिनाभर थांब. तू आधी कार्ट्रिजचा, म्हणजे ब्लेडांसकट डोकंच बदलायचा रेझर वापरत असणार. त्याचं डोकं चेहऱ्याप्रमाणे वळतं, म्हणून आपल्याला दाबायची सवय लागते. सेफ्टी रेझरचं डोकं वळत नाही. दाब दिला की कातडी पट्टी आणि ब्लेड यांच्यातल्या फटीत वर येते आणि ब्लेड केसाबरोबर तीही तासतं. दांडी तळाशी, बोटांच्या टोकांत धर. मुठीत धरलीस की दाब येतोच. डोक्याचं वजन पुरे.

कोन असा साध. रेझरचं झाकण गालावर सपाट टेकव, म्हणजे दांडी चेहऱ्यापासून बाहेर आडवी राहील. या स्थितीत ब्लेड कातडीला लागत नाही. आता हात हलवत हलवत दांडी हळूहळू खाली आण. एका क्षणी केस कापले जाऊ लागतील आणि तसा आवाज येईल. तो कोन साधारण ३० अंशांचा असतो. तिथेच थांब. गाल सपाट असल्याने तुला हे आपोआप जमलंय. हनुवटीखाली जबड्याचं वळण येतं, तू मनगट तसंच ठेवून खाली जातोस, कोन उघडा पडतो आणि कापतं. तिथे हात लांब ओढू नकोस. दोन सेंटिमीटरचे हात मार, दर वेळी कोन नव्याने लाव आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून धर. मान थोडी मागे टाकलीस की जबड्याखालचा भाग बराच सपाट होतो.

गळ्याचं उत्तर वेगळं आहे. गालावरचे केस बहुतेक सरळ खाली वाढतात; गळ्यावरचे तसे वाढतीलच असं नाही. कुणाचे आडवे, कुणाचे खालून वर, एखाद्याच्या गळ्यावर एका बाजूला भोवराच असतो. दोन दिवस दाढी करू नकोस आणि मग गळ्यावर चारही दिशांनी बोट फिरव. ज्या दिशेला बोट न अडखळता जातं तो केसांचा कल. आरशात बघत कागदावर गळ्याचं साधं चित्र काढ आणि त्यात बाण दाखव. पहिला हात बाणांच्या दिशेने. पुन्हा साबण लाव, दुसरा हात आडवा. उलटा हात महिनाभर गळ्यावर मारायचाच नाही. गळ्यावरचं पुरळ बहुतेक वेळा उलट्या हातानेच येतं. केस कातडीच्या खालच्या पातळीवर कापला जातो, वाढताना वाकतो आणि आतल्या आत रुततो.

साबणाकडेही बघ. ज्या फेसात मोठे बुडबुडे असतात तो दिसायला भरघोस असतो, पण चेहऱ्यावर दोन मिनिटांत सुकतो. ब्रशमध्ये पाणी कमी ठेवून आधी साबण भरपूर उचल, मग चेहऱ्यावर फिरवताना थेंब थेंब पाणी वाढव. फेस चकचकीत आणि दाट दिसायला हवा, बुडबुडे वेगळे दिसता कामा नयेत. आणि हे सगळं अंघोळीनंतर कर. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजलेला केस पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो आणि सहज कापला जातो. शेवटी गार पाण्याने धू आणि ओली तुरटी फिरव. तुरटी जिथे झोंबेल तिथे त्या दिवशी तुझा हात जड पडला होता. ती जागा लक्षात ठेव.

प्रश्न : एक ब्लेड किती दाढ्या चालावं? रेझरच्या डबीत जुन्या ब्लेडांचं न फोडलेलं पाकीटही मिळालं, ती वापरू का?

उत्तर : तीन ते पाच दाढ्या म्हणजे ठीक. केस खेचल्यासारखा वाटला की मोजत बसू नका, बदला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असतो, तरी त्याने धार जाते कशी, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिलं. धार नुसती झिजत नाही. केस तिरका वाकतो आणि धारेच्या पोलादात जिथे रचना एकसारखी नसते तिथे बारीक टवका उडतो. म्हणूनच भिजलेला, मऊ केस ब्लेडचंही आयुष्य वाढवतो. ब्लेड पुसू नका, झटकून वाळू द्या.

जुनं पाकीट ठेवा, वापरू नका. १९६०च्या दशकाआधीची ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची असायची. कागद कितीही शाबूत दिसला तरी आत धारेवर गंज धरलेला असू शकतो. वापरलेली ब्लेडं झाकण बंद केलेल्या पत्र्याच्या डब्यात, वर फट पाडून टाकत जा आणि डबा भरला की फट चिकटपट्टीने बंद करा. नुसत्या कागदात गुंडाळलेलं ब्लेड कचरा उचलणाऱ्याचा हात कापतं.

प्रश्न : तुम्ही प्लेटिंगमधले. जुन्या रेझरला नव्याने निकेल चढवून घ्यावं का?

उत्तर : बैठक चांगली असेल आणि पितळ उघडं पडल्याने हाताला वास येत असेल, तर घ्यावं. नुसतं नवं दिसावं म्हणून नको. कारण टाकीत जाण्याआधी काय होतं ते बघा. जुनं निकेल उतरवावं लागतं, मग बफ मारावा लागतो, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून गुळगुळीत करावं लागतं. बफवर बसलेला माणूस घाईत असेल तर दांडीवरच्या बारीक चौकड्या आणि कोरलेली अक्षरं गुळगुळीत होतात. ती परत येत नाहीत. टाकीत करंट सोडला की तो टोकांकडे आणि कडांकडे जास्त धावतो, म्हणून दात्यांच्या टोकांवर धातू जास्त चढतो आणि खाचांत कमी. ब्लेडच्या बैठकीवर थर असमान बसला तर किनार हलते, आणि आधी चांगला चालणारा रेझर नंतर चावायला लागतो.

तेव्हा काम देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. अक्षरांवर आणि नक्षीवर बफ मारायचा नाही. थर पातळ हवा. आणि आकड्यांची कडी असलेला रेझर पूर्ण सुटा केल्याशिवाय टाकीत घालायचा नाही, नाहीतर टाकीतलं रसायन आत अडकतं आणि सहा महिन्यांनी सांध्यांतून हिरवं पाझरतं. समोरचा माणूस हे ऐकून कंटाळला तर रेझर उचला आणि घरी या. ज्यांना निकेलची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी निकेलवर ऱ्होडियमचा हात मागावा. तो कठीण असतो आणि काळा पडत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या रेझरचं डोकं वर उचलून मागे उघडतं आणि त्यात नेहमीचं ब्लेड बसत नाही.

उत्तर : तुमचा रेझर एकाच धारेचा आहे, जेम किंवा एव्हररेडी या रेझरच्या ब्रँडांच्या घराण्यातला. त्याचं ब्लेड साधारण ०.२३ मिलिमीटर जाड असतं आणि पाठीवर दुमडलेली पट्टी असते. ही ब्लेडं आजही दाढीसाठी बनतात. रंग खरवडायची एकधारी पाती दिसायला तशीच असतात, ती बसवू नका. ती बऱ्याचदा आणखी जाड असतात आणि त्यांची धार दाढीसाठी लावलेली नसते. ब्लेड आत सरकवल्यावर दोन्ही कोपरे पुढच्या अडण्यांना टेकलेत का ते बघा, मगच डोकं मिटवा. दाढी करताना कोन वेगळा लागतो. डोक्याचा सपाट माथा गालाला जवळजवळ चिकटवून ठेवायचा आणि दांडी चेहऱ्यापासून बरीच लांब धरायची.